मोरी, नाली आणि आपला हात

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, आमच्या स्वयंपाकघरातील मोरी तुंबली. सकाळपासून चकल्या, शेव आणि अनारशांचे घाणे चालू होते. कढया घासून घासून सूनबाई दमल्या होत्या आणि दुपारी दोनच्या सुमारास मोरीतले पाणी वर येऊन जे थांबले ते हलेचना. नळकाम करणाऱ्या कारागिराला फोन केला, तर तो भाऊबीजेनंतर येतो म्हणाला. त्याच्याही घरी दिवाळी होतीच. शेवटी सत्तरी ओलांडलेला मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मोरीपाशी जाऊन बसलो. दीडएक तासाने पाणी वाहते झाले. त्या दीड तासात हातांबरोबर डोकेही चालत होते आणि इतिहास वाचण्याच्या जुन्या नादामुळे एकेक गोष्ट आठवत होती. प्रस्तुत लेखाचा जन्म असा मोरीत झालेला आहे. वाचकांनी नाक मुरडू नये, एवढीच विनंती.

आधी शब्दाविषयी थोडेसे. मोरी म्हणजे घरातील भांडी घासण्याची वा हातपाय धुण्याची जागा आणि त्या जागेतून पाणी बाहेर जाण्याचे भोकही. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. अंग धुण्याची जागा ती न्हाणी. हा शब्द आज शहरी घरांतून जवळजवळ गेला; ‘बाथरूम’ने त्याला हद्दपार केले. मात्र एका अनपेक्षित ठिकाणी तो टिकून आहे. न्हाणीघराच्या फरशीत पाणी जाण्यासाठी जे भांडे बसवतात, त्याला भारतभरचे कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजीत लिहिलेल्या बांधकामाच्या पुस्तकांतही हेच नाव छापलेले असते. दुकानात तो ट्रॅप मागताना आपण आजीचा शब्द उच्चारतो, हे आपल्या ध्यानीही नसते.

माझे बालपण जुन्या इंदुरातील एका वाड्यात गेले. तिथली मोरी दगडी फरशीची, एका कोपऱ्याकडे उतार दिलेली. कोपऱ्यातील भोकातून पाणी भिंतीपलीकडे पडे आणि मागच्या बोळातील उघड्या नालीतून वाहत जाई. त्या मोरीला नळी अशी नव्हतीच, असलाच तर भिंतीच्या जाडीएवढा दगडी मार्ग. ती तुंबली की बांबूची लांब कांबट आतून सारायची. तेवढ्याने न भागले तर बोळातून येणाऱ्या सफाईवाल्या बाईला हाक मारायची. ती बाहेरून हात घाली, गाळ ओढून काढी आणि टोपलीत भरून नेई. आजी वरून तांब्याने पाणी ओती आणि दोन आणे जमिनीवर ठेवी. बाईने ते उचलले की आजी त्या जागेवरही पाणी टाकी. आमच्या घरातल्या कोणाचाही हात त्या मोरीत कधी गेला नाही. मोरीत काय अडकते, ते का अडकते आणि कसे निघते याचे ज्ञान घरातल्या कोणालाच नव्हते. ते सगळे त्या बाईजवळ होते, आणि तिला त्याबद्दल काही विचारण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

ज्या संस्कृतीच्या नाल्यांचा आपण मोठ्या अभिमानाने उल्लेख करतो, त्या सिंधू संस्कृतीकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ साली सुरू झाले आणि सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या विटांच्या नाल्या उघड्या झाल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांची सरळ रेषा, उतार आणि बांधणी यांचे कौतुक असते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे झाकण. नालीवरच्या विटा किंवा दगडी फरश्या उचलता येतील अशा सुट्या ठेवलेल्या असत. घरातले पाणी पुष्कळ ठिकाणी आधी एका खड्ड्यात किंवा रांजणात पडे. जड गाळ तिथे बसे आणि वरचे पाणी रस्त्यावरच्या नालीत जाई. नाली तुंबणारच, हे गृहीत धरून ती बांधलेली होती. उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांना नाल्यांच्या कडेला हिरवट करड्या वाळूचे लहान लहान ढीग ठिकठिकाणी आढळले. नाली साफ करणाऱ्याने गाळ काढून बाजूला टाकला आणि तो तिथेच राहिला. सिंधू लिपी अद्याप वाचता आलेली नाही. तिथल्या राजाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, किंबहुना राजा होता की नाही हेही ठाऊक नाही. पण कोणी तरी नालीचे झाकण उचलले, हात घातला आणि ढीग उचलायचा कंटाळा केला, एवढे निश्चित कळते. बडोद्याच्या वाचकांना यासाठी सिंधपर्यंत जाण्याचे कारण नाही. एस. आर. राव यांनी १९५५ पासून उत्खनन केलेले लोथल गुजरातेतच आहे आणि तिथल्या न्हाण्या व नाल्या आजही पाहता येतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर माती टाकणाऱ्याला एक अष्टमांश पण दंड सांगितला आहे आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्याला पाव पण, म्हणजे त्याच्या दुप्पट. हेच राजमार्गावर केले तर दंडही दुप्पट. तुंबवणाऱ्याचा असा हिशेब आहे. तुंबलेले काढायचे कोणी, याचे उत्तर मात्र ग्रंथांपेक्षा समाजाच्या रचनेतच लिहिलेले होते.

या साऱ्या नाल्या उघड्या किंवा उघडता येण्याजोग्या होत्या. भिंतीत आणि जमिनीखाली गडप होणारी नळी सर्वसामान्य घरांत आली ती फार उशिरा, आणि तुंबण्याचे आजचे रूपही तिच्याबरोबरच आले. त्या नळीच्या इतिहासात एका घड्याळजीचे नाव येते. लंडनमध्ये राहणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश कारागिराने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात नळीला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक दिलेला होता. पाणी ओतले की बरेचसे पुढे निघून जाते, थोडे त्या बाकात साचून राहते, आणि साचलेले हे पाणीच बुचाचे काम करते. पलीकडची दुर्गंधी त्याला ओलांडून घरात येऊ शकत नाही. कल्पना इतकी सोपी आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली, याचेच आश्चर्य वाटते. त्या काळी रोग दुर्गंधीतून पसरतात असा समज होता. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या घाणीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली आणि जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांच्या योजनेला पैसा मिळाला, त्यामागेही हीच धास्ती होती. कॉलरा पाण्यातून पसरतो, हे जॉन स्नो यांनी १८५४ साली साधार दाखवले होते, पण ते बहुतेकांना पटले नव्हते. कारण चुकीचे धरून उपाय मात्र बरोबर झाला, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी नाहीत.

आपल्या घरातील वॉशबेसिनखालचा बाक, सिंकखालची बाटलीसारखी वाटी आणि न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप ही सगळी कमिंगच्या त्या बाकाचीच भावंडे. आत साधारण ५० मिलिमीटर पाणी उभे असते. पाहुण्यांची म्हणून ठेवलेली न्हाणी दोन महिने वापरली नाही की तिथे वास येऊ लागतो, कारण ते पाणी आटलेले असते. तांब्याभर पाणी ओतले की वास जातो. वास अडवणारी ही जागा कचराही अडवते. किंबहुना बाक आणि वाटी म्हणजे मोहेंजोदडोतल्या त्या गाळाच्या खड्ड्याचेच छोटे रूप. वाटीला आटे दिलेले असतात ते हाताने फिरवून ती उघडता यावी म्हणूनच. पण आपण तिच्याभोवती कपाट करतो, त्यात डबे रचतो आणि पंधरा वर्षे तिच्याकडे पाहत नाही.

त्या दुपारी मी प्रथम न्हाणीघरात जाऊन पाणी सोडून पाहिले. ते सुरळीत गेले. म्हणजे अंगणातले चेंबर मोकळे होते आणि अडथळा स्वयंपाकघराच्या नळीतच होता. सगळीकडचे पाणी एकदम तुंबले तर दोष बाहेरचा, एकाच ठिकाणचे तुंबले तर त्या ठिकाणचा. ही परीक्षा करायला पैसा लागत नाही. पण पाणी तुंबले की घाबरून आपण आधी हाती येईल ते औषध ओततो.

आमच्या घरात ओतले गेले होते ते खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. सूनबाईंनी कुठेसे वाचले होते. फेस भरपूर आला. परंतु सोडा अल्क आणि व्हिनेगर आम्ल, दोघे एकमेकांना भिडले की एकमेकांचा जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि मागे सोडियम अॅसिटेटचे निरुपद्रवी पाणी उरते. घट्ट बसलेल्या चरबीला त्याने काही होत नाही. चरबीला धुण्याचा सोडा बरा, तोही कडक गरम पाण्यातून. मात्र पाणी उकळते नको. हल्लीच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या उकळत्या पाण्याने मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

ही चरबी तिथे बसते कशी, ते सांगण्यासारखे आहे. कढईतले गरम तेल वा वनस्पती तूप मोरीत ओतताना पातळ असते. दोन-चार हात पुढे गेले की निवते आणि नळीच्या अंगाला चिकटते. त्यातली मेदाम्ले जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावतात आणि एक प्रकारचा साबण तयार होतो. साबण म्हटले तरी हा पाण्यात विरघळत नाही. मेणासारखा घट्ट होऊन त्यावर भाताची शिते, चहाचा चोथा, पिठाची खळ असे थर चढत जातात. २०१७ च्या सप्टेंबरात लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील गटारात असाच एक गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला आणि लोक तो पाहायला गेले! आमच्या मोरीतला तुकडा लिंबाएवढा होता. सूनबाईंनी तो पाहायचे नाकारले.

तर प्रथम वरचे पाणी उपसून बादलीत घेतले. वाटीखाली दुसरी बादली ठेवून वाटी हाताने फिरवली. ती उघडली, आणि पंधरा वर्षांचा इतिहास बादलीत पडला. वाटी स्वच्छ केली, तरी पुढची नळी तुंबलेलीच होती. मग लाकडी दांड्याची रबरी वाटी, जिला बाजारात नुसते ‘पंप’ म्हणतात, ती काढली. तिच्यामागचे शास्त्र असे की पाणी दाबून लहान होत नाही, हवा होते. म्हणून रबरी वाटी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी आणि शेजारची सगळी भोके ओल्या फडक्याने बंद हवीत. एरवी आपला सारा जोर हवा दाबण्यात आणि दुसऱ्या भोकातून पाणी उडवण्यात जातो. लोक जोराने दाबतात; खरे काम पुष्कळदा वर ओढताना होते, कारण गोळा दोन्हीकडे हलवल्याशिवाय सुटत नाही. वीस-पंचवीस हिसक्यांनंतर आत ‘गुडुप’ असा आवाज झाला. मग सोड्याचे गरम पाणी. न्हाणीघरात प्रश्न चरबीपेक्षा केसांचा असतो. तिथे हा सगळा खटाटोप व्यर्थ, जाळी काढून टोकाशी वाकवलेल्या तारेने केस ओढून काढणे हाच उपाय.

अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युएल ब्लँक नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलाच्या घरातली तुंबलेली नळी मोकळी करता करता एक यंत्रच तयार केले. धुलाईयंत्राची मोटर, चाकांच्या बुटांची चाके आणि पोलादी तार अशी त्याची सामग्री होती. १९३० च्या दशकातील मंदीत ही यंत्रे विकत घेऊन अनेकांनी त्यावर पोट भरले. आमच्याकडच्या कारागिराजवळ असते ती गुंडाळलेली स्प्रिंगची तार म्हणजे याच जातीतले हाताने फिरवायचे साधन.

एका गोष्टीबाबत मात्र मी घरात कडक नियम केला आहे. दुकानात पुडीत मिळणारा कॉस्टिक सोडा मोरीत ओतायचा नाही. तो चरबीचा विरघळणारा साबण करतो हे खरे, पण नळी पूर्ण बंद असेल तर तो पुढे जातच नाही. बाकात तसाच पडून राहतो, तापतो, आणि मग जो कोणी ती वाटी उघडेल त्याच्या हातावर आणि डोळ्यांत उडतो. आम्ल ओतले तरी तेच, आणि त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो. ओतणारा दुकानातून येऊन, ओतून, दार लावून निघून जातो. भोगणारा वेगळाच असतो. माझ्या आजीची आणि आमची मोरी यांत साठ वर्षांचे अंतर आहे, तरी ही विभागणी किती सहज टिकून राहते!

इंदूरकरांना या संदर्भात पॅट्रिक गेडिस यांचे स्मरण व्हायला हवे. स्कॉटलंडमधून आलेल्या या जीवशास्त्रज्ञ नगररचनाकाराने १९१६ साली बडोद्याचा आणि १९१८ साली इंदूरचा अहवाल लिहिला. इंदूरचा अहवाल दोन भागांत आहे. भुयारी गटारांवर सारा पैसा ओतणाऱ्या खर्चिक योजनेला त्यांनी विरोध केला. मैलापाणी बागांकडे वळवावे, ते मातीचे अन्न आहे, असे त्यांचे म्हणणे. अभियंत्यांना ते भाबडे वाटले असेल. मला स्वतःला त्यांचे गणित मोठ्या वस्तीला पुरे पडले असते असे वाटत नाही. परंतु त्या काळच्या एका दिवाळीची जी हकीकत त्यांनी पुढे सांगितली, तिच्यासाठी त्यांना सारे माफ आहे.

शहरात प्लेगचा मुक्काम होता. गेडिस यांनी होळकर दरबाराकडून एक दिवसाचे महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले की दिवाळीची मिरवणूक यंदा ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ आणि दुरुस्त केलेली असतील, त्याच रस्त्यांवरून जाईल. कचरा फुकट उचलण्याची सोय केली. लोकांनी गाड्यागाड्या भरून केर काढला, उंदीर पकडले, भिंती रंगवल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता. आणि त्यांच्यामागून शहरातले सफाई कामगार, पांढरीशुभ्र वस्त्रे नेसून, नवे झाडू घेऊन, डोक्याला नवी पागोटी बांधून चालले होते. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैल सजवलेले. मागून लक्ष्मी. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले गेले, आतषबाजी झाली. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूरचे नाव वर येत आहे. त्याचे समारंभ मी पाहिले आहेत, पण त्या पागोट्यांएवढे मला काही आवडले नाही.

अर्थात पागोटे एका दिवसाचे. दुसऱ्या दिवशी झाडू त्याच हातात गेला. तो हात बदलावा, असे ज्यांना वाटले त्यांत कोकणातील अप्पासाहेब पटवर्धन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेबांनी उपवास आरंभला. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात उपवास सुरू केला, आणि सरकारला विचार करणे भाग पडले. नकोसे काम करता यावे म्हणून अन्न सोडावे लागले, हे आज वाचताना चमत्कारिक वाटते. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत त्यांनी मैल्याला हात न लावता त्याचे खत होईल अशा संडासांचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. काम स्वतः केल्यावर ते सोपे आणि स्वच्छ कसे होईल याचा विचार माणूस करू लागतो, हे त्यांच्याबाबत स्पष्ट दिसते. आमच्या आजीला तसा विचार करण्याचे कारणच पडले नव्हते.

घरातल्या हाताची हद्द कुठे संपते, तेही सांगितले पाहिजे. अंगणातले उथळ चेंबर झाकण उचलून, बाहेर उभे राहून काठीने हलवता येते. त्यापुढचे गटार आणि सेप्टिक टँक यांत कोणीही उतरायचे नाही. तिथे साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई सांगितली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आले.

मला हे सांगण्याचा अधिकार कितपत आहे, कोण जाणे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतली टाकी भरून वाहू लागली, तेव्हा एका तरुणाला आत उतरवण्यासाठी घरटी पन्नास रुपयांची वर्गणी जमवणाऱ्यांत मीही होतो. तो कमरेला दोर बांधून उतरला आणि सुखरूप वर आला. पैसे मीच मोजून त्याच्या हातात दिले, जमिनीवर ठेवले नाहीत; त्याचे मला त्या दिवशी समाधानही वाटले होते. त्याला हात धुवायला आमच्यापैकी कोणी पाणी दिले का, हे मात्र काही केल्या आठवत नाही.

या दिवाळीत मोरी मोकळी झाली आणि दुसऱ्या दिवशी बोळाच्या तोंडाशी असलेले सामाईक चेंबर भरले. माझ्यासारख्या अनेकांनी घरातले पुढे ढकललेले तिथे जाऊन बसले होते. शेजारी म्हणाले, एक मुलगा आहे, पाचशेत उतरतो. मी नको म्हटले. थोडी बोलाचाली झाली. सक्शनची गाडी मागवली. ती येईपर्यंत एक दिवस सर्वांनी पाणी बेताने वापरले, भांडी अंगणात बादलीत विसळली आणि ते पाणी कर्दळीला घातले. गाडीबरोबरच्या दोघांनी बाहेर उभे राहूनच काम उरकले. सूनबाईंनी त्यांना फराळाची ताटली दिली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नळकामाचा कारागीर शब्दाला जागून आला. काम झालेले पाहून त्याने खालची वाटी एकदा उघडली, आतली रबरी चकती मी उलटी बसवली होती ती सुलटी केली, आणि पैसे न घेता चहा पिऊन गेला.